दात दिसतील असा फोटो

“चार माणसांसमोर मुलीला काही करून दाखवायला लावू नकोस,” असं नणंदेने भिंगरीच्या आईला सांगितलं होतं. “एकदा लावलंस की लोक तिकीट काढल्यासारखे येतात. मग खेळ बंद करणं तुझ्या हातात राहत नाही.”

नणंद शाळेच्या कचेरीत नोकरीला होती, त्यामुळे तिचं कुठलंही वाक्य सूचनाफलकावर टाचणीने लावण्याजोगं असायचं. भिंगरीच्या आईने मान डोलावली आणि मनात म्हटलं, ताईंचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत ‘बा’च्या पुढे सरकला नव्हता, त्यांना असं वाटणारच. हा विचार चांगला नाही हे तिला तेव्हाही कळलं. पण मनातल्या मनात केलेल्या विचाराची कुठे नोंद होत नाही, म्हणून तिने तो पूर्ण केला.

भिंगरी तेव्हा अठरा महिन्यांची होती. जागच्या जागी गरगर फिरून धपकन बसायची तिला सवय, म्हणून हे नाव. तिच्या आईने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती आणि ती एका पाहणी करणाऱ्या कंपनीतून बिनपगारी रजेवर होती. पाहणी करायला दुसरं काही उरलं नसल्यामुळे ती मुलीची करायची. फ्रिजच्या दारावर तक्ता होता: झोप, दूध, शब्द, दात. शब्द बारा झाले होते. डॉक्टरांच्या पुस्तिकेत ‘दहा ते वीस’ असं छापलेलं होतं, म्हणजे बारा ठीकच. पण पहिल्या मुलाच्या आईला ‘ठीक’ हा शब्द फार लागतो. परीक्षेत कधी ‘ठीक’वर थांबली नव्हती ती.

आता त्या रविवारच्या कार्यक्रमाबद्दल. दरवर्षी सिनेमाच्या पुरस्कारांचा सोहळा टीव्हीवर असतो, आणि दरवर्षी यांच्या दिवाणखान्यात घरची आणि इमारतीतली मंडळी जमून कोणाला काय मिळणार याचे अंदाज बांधतात. कागद वाटले जातात, पेनं शोधली जातात, चहा होतो. ज्याचे सर्वांत जास्त अंदाज बरोबर येतील त्याला नवऱ्याने कॉलेजात बॅडमिंटनमध्ये मिळवलेला चषक वर्षभर घरी ठेवता येतो. चषकाचा एक कान तुटलेला आहे. तरी त्याच्यासाठी माणसं अबोला धरतात.

प्रत्येकाची पद्धत वेगळी. नवरा विमा कंपनीत. तो आधीच्या चार वर्षांचे निकाल मांडून बसायचा आणि हमखास हरायचा. सासूबाई एकही सिनेमा पाहत नसत. त्या फोटो बघून म्हणायच्या, “ह्याला द्या बाई, किती वाळलाय,” आणि चषक दोनदा त्यांच्याकडे गेला होता. वरच्या मजल्यावर गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई मुद्दाम ज्यांना मिळू नये असं वाटतं त्यांची नावं लिहायच्या. निकाल काहीही लागला तरी एक तरी समाधान पदरात. समोरच्या घरातले चिटणीस, म्हणजे रहिवाशांच्या समितीचे, कागदाला पट्टीने रेघा मारून घ्यायचे आणि भरायला वेळ उरत नाही म्हणून मुदत वाढवून मागायचे. तळमजल्यावरचे निरीक्षककाका यायचे, पण कागद घ्यायचे नाहीत.

निरीक्षककाका वजनमापांचे निरीक्षक होते. पस्तीस वर्षं दुकानांचे तराजू तपासून निवृत्त झालेले. एकटे राहायचे. “मोजल्याशिवाय आकडा सांगायची सवय नाही,” असं म्हणून ते खुर्ची भिंतीला समांतर करून घ्यायचे आणि चहा प्यायचे.

आदल्या वर्षी भिंगरीच्या आईचे आठपैकी शून्य अंदाज बरोबर आले होते. संख्याशास्त्राच्या पदवीधराला शून्य, आणि सासूबाईंना पाच. नवरा वर्षभर त्यावर काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही हेच तिला जास्त झोंबलं. म्हणून या वर्षी तिने जाहीर केलं, “मी नाही खेळत. माझ्या वतीने भिंगरी खेळेल.”

“अगं, तिला बारा शब्द येतात,” नवरा म्हणाला.

“बोट तर येतं ना दाखवता?”

तिने वर्तमानपत्राच्या पुरवणीतून अभिनयाच्या चार पुरस्कारांसाठीचे फोटो कापले. प्रत्येक पुरस्काराला पाच जण. पहिले पाच जमिनीवर ओळीत मांडले, भिंगरीला समोर सोडलं. भिंगरीने एक गिरकी घेतली, धपकन बसली, आणि वकिलाचं काम केलेल्या नटाच्या फोटोवर बोट टेकवून म्हणाली, “दा!”

आणि त्याच क्षणी भिंगरीच्या आईला सगळं समजलं. भिंगरीच्या दाढा येत होत्या. महिनाभर रोज सकाळी ब्रश तोंडात जावा म्हणून ती मुलीशी एकच खेळ खेळत होती: दात कुठे? बाबाचे दात कुठे? आजीचे दात कुठे? पाच फोटोंपैकी एकटा तो वकील तोंड उघडून हसत होता. भिंगरीने नट निवडला नव्हता. तिने दात दाखवले होते.

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण गाण्याच्या बाई म्हणाल्या, “अगं बाई, किती ठामपणे दाखवलं हो!” आणि ‘ठाम’ हा शब्द ‘ठीक’पेक्षा ऐकायला कितीतरी चांगला होता. ती गप्प बसली. पुढच्या तिन्ही ओळींतही जिथे दात जास्त तिथे बोट गेलं.

संध्याकाळी निकाल लागले. वकील. मग ती आंधळ्या शिक्षिकेचं काम केलेली. मग दोन्ही सहायक. चारही बरोबर. आठांपैकी चारच खेळूनही ती पहिली; बाकी कुणी तीनच्या पुढे गेलं नव्हतं.

पाचातून एक, असं चार वेळा, म्हणजे सहाशे पंचवीसात एकदा असं होतं. हे गणित तिने तोंडाने केलं तेव्हा तिला त्यातून ‘योगायोग’ एवढंच म्हणायचं होतं. पण चिटणिसांनी ते “सहाशे पंचवीस मुलांत एक” असं ऐकलं, त्यांच्या पत्नीने जिन्यात “सहा हजारांत एक” असं सांगितलं, आणि चषक भिंगरीच्या मांडीवर ठेवून फोटो निघाला तेव्हा तिच्या आईच्या चेहऱ्यावर जे भाव होते त्यांना संख्याशास्त्रात नाव नाही. सासूबाईंनी चषक सोडताना एवढंच म्हटलं, “जपून गं. त्याचा दुसरा कानही हलतोय.”

सोमवारी गाण्याच्या बाई आल्या. स्पर्धेला पाठवायला दोन विद्यार्थिनींमधून एक निवडायची होती, दोघींचे फोटो हातात. “गंमत म्हणून हो,” त्या म्हणाल्या. भिंगरीने बोट ठेवलं. बाईंनी तिथेच बसून दुसरीच्या आईला फोन करून नाही म्हणून कळवलं. गंमत ही अशी.

मंगळवारी चिटणिसांची पत्नी आली, भाचीसाठी सांगून आलेल्या दोन मुलांचे फोटो घेऊन. बुधवारी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दुकानाच्या दोन नव्या जागांचे फोटो घेऊन आला. भिंगरीने दोन्हींकडे दुर्लक्ष केलं. दुकानांना दात नसतात. “दोन्ही जागा नको म्हणतेय,” असा अर्थ काढून तो समाधानाने गेला. गुरुवारपर्यंत जिन्यात चपला दिसू लागल्या. येणारा प्रत्येक जण सल्ला ठेवून जायचा. मुलीला निर्णयाआधी दूध देऊ नका, डोकं जड होतं. दूध द्याच. उत्तरेकडे तोंड करून बसवा. जास्त दाखवू नका, शक्ती संपते. भिंगरी डावीकडचंच निवडते असा एकाचा शोध होता, लाल रंग निवडते असा दुसऱ्याचा. दोघांचं त्यावरून जिन्यात कडाक्याचं भांडण झालं आणि भिंगरीच्या आईला, जिला खरं माहीत होतं, ते सोडवायला जावं लागलं.

“अगं, सांगून टाक ना दातांचं,” नवरा म्हणाला. त्याला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नवऱ्याला सांगणं हे कबुलीजबाबात धरत नाहीत.

“सांगते. गर्दी जरा कमी होऊ दे.”

शुक्रवारी सकाळी दाराखालून समितीची नोटीस आत सरकली. ‘निवासी सदनिकेत सल्ला-व्यवसाय चालवला जात असल्याचे निदर्शनास आले असून, तो नफ्यासाठी नसल्यास तसे प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत सादर करावे. व्यवसाय चालवणाऱ्या व्यक्तीची सही आवश्यक.’ खाली चिटणिसांची सही. तिने प्रतिज्ञापत्र लिहिलं, समोरचं दार वाजवलं आणि विचारलं, “व्यवसाय चालवणारी व्यक्ती अठरा महिन्यांची आहे. सही कशी करायची?”

चिटणिसांनी गंभीरपणे विचार केला. “पालक करू शकतात. पण मग पालकांचं वेगळं संमतिपत्र लागेल. तेही दोन प्रतींत.”

“मीच मला संमती द्यायची?”

“नियम मी नाही केले, वहिनी.”

दुपारी तेच चिटणीस पाण्याच्या पंपांच्या दोन जाहिराती घेऊन आले. नोटीस समितीचा चिटणीस म्हणून काढली होती, आता रहिवासी म्हणून आलो आहे, असा खुलासा त्यांनी उंबऱ्यातच केला. एका जाहिरातीत नुसता पंप होता. दुसरीत पंपाला टेकून एक बाई खळखळून हसत होती. इमारतीचा पंप दोन मिनिटांत ठरला.

आणि शनिवारी निरीक्षककाका आले.

ते फोटो घेऊन आले नव्हते. वही घेऊन आले होते. खुर्ची सरळ केली, बसले, आणि म्हणाले, “सूनबाई, माझ्या पित्ताशयात खडे आहेत. दोनदा कळ येऊन गेली. डॉक्टर म्हणतात, तिसरी आली तर ती निमूट परत जाणार नाही, ताप आणेल, विष पसरेल. येत्या गुरुवारची जागा दिलीय. बुधवारी दुपारी बारापर्यंत हो-नाही कळवायचंय.”

“मग कळवा ना हो!”

काकांनी वही उघडली. मधोमध रेघ. डावीकडे ऑपरेशन करण्याची कारणं, उजवीकडे न करण्याची. डावीकडे एकोणीस. उजवीकडे एकोणीस. “तीन आठवडे झाले. काटा मधोमध उभा आहे. एक दाणा हवा, कुठल्याही बाजूला. तुमची मुलगी दाणा टाकेल. मी मानीन.”

“काका, ती लहान आहे हो. गंमत आहे ती सगळी.”

“ते मी ठरवतो,” काका म्हणाले आणि त्यांनी यंत्राची तपासणी सुरू केली. टेबलावरची पुरवणी घेतली, दोन फोटो कापले, तीनदा जागा बदलून मांडले. भिंगरीचं बोट तिन्ही वेळा त्याच चेहऱ्यावर. दिवा बंद करून पाहिलं. फोटो उलटे करून पाहिले. भिंगरीने स्वतः उलटं होऊन तोच दाखवला. काकांनी वहीत टिपलं.

“डाव्या-उजव्याचा दोष नाही. उजेडाचा नाही. जे यंत्र दर वेळी तेच दाखवतं त्यात एक तर खरेपणा असतो, नाही तर कायमची चूक. मला चूक सापडली नाही.” मग वही मिटत, “सापडली असती तर सांगितलं असतं.”

ते दुसरं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. तिला मात्र ते आपल्याच अंगावर आल्यासारखं वाटलं. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की खरं सांगितलं तर काटा पुन्हा मधोमध, बुधवारचे बारा वाजून जाणार, आणि या माणसाला तिसरी कळ तळमजल्यावरच्या खोलीत एकट्याला येणार. खोटं राहिलं तर मात्र दाणा कुठल्या पारड्यात पडतो ते आपल्या हातात आहे. तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, “बुधवारी सकाळी दहाला या. तिची झोप झालेली असते.”

नवऱ्याने कपाळाला हात लावला. “म्हणजे आता तू ठरवणार?”

“मी नाही. दात ठरवणार. फक्त कुणाचे ते मी बघते.”

तिला सर्जनचा फोटो हवा होता, दात दिसतील असा. सोमवारी भिंगरीला सासूबाईंकडे सोडून ती हॉस्पिटलात गेली. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, “कुठला एक्स-रे?”

“एक्स-रे नाही. साधा फोटो. डॉक्टरांचा.”

“डॉक्टरांचा काय करायचाय?”

“पेशंटला दाखवायचाय.”

“पेशंट डॉक्टरांना प्रत्यक्षच भेटतात, मॅडम. फोटो कशाला?”

तिला चार नंबरच्या खिडकीवर पाठवण्यात आलं. तिथे माहिती मागण्याचा अर्ज होता. ‘कारण’ या रकान्यात तिने ‘धीर यावा म्हणून’ असं लिहिलं. खिडकीतल्या गृहस्थांनी ते वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि जिन्याकडे बोट केलं. जिन्यात सगळ्या डॉक्टरांच्या तसबिरी होत्या. तसबिरीतले सर्जन आपल्याच आजाराची बातमी ऐकल्यासारखे ओठ घट्ट मिटून उभे होते. ती मोबाईल हातात घेऊन त्या चेहऱ्यासमोर खिन्नपणे उभी असतानाच ते स्वतः खाली उतरले.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “एक मिनिट. जरा हसता का?”

“का? काय झालं?”

“दात दिसायला हवेत.”

“दातांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर,” सर्जन म्हणाले आणि निघून गेले.

हे सगळं ऐकणाऱ्या एका सिस्टरने दया येऊन आपल्या फोनमधला फोटो पाठवला. कर्मचाऱ्यांच्या संमेलनात संगीतखुर्ची जिंकल्यावर सर्जन खुर्चीला मिठी मारून हसत होते. वरचे दात सगळे, खालचे निम्मे. भिंगरीच्या आईने मोजले. घरी येईपर्यंत तिने पोस्टकार्डाच्या आकाराची प्रत काढून घेतली होती, आणि चोरीचा माल घेऊन येणारा माणूस जसा उगाच सगळ्यांशी हसून बोलतो तशी ती जिन्यात सगळ्यांशी बोलली.

बुधवारी दहाला दिवाणखाना भरलेला. काकांनी गुप्तता मागितली नव्हती आणि इमारतीने दिली नव्हती. गाण्याच्या बाई, चिटणीस सपत्नीक, सासूबाई, कचेरीतून अर्धी रजा काढलेला नवरा. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी ‘करावे’साठी हॉस्पिटलच्या इमारतीचं चित्र आणलं होतं.

“काका, इमारती तिला कळत नाहीत,” भिंगरीची आई घाईने म्हणाली. “माणसं कळतात. डॉक्टरांचा फोटो ठेवू या. आहे माझ्याकडे.”

काकांनी फोटो घेतला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. “हे ते आहेत? माझ्याशी बोलताना असे नव्हते.” पण मान्य केलं. “मग ‘करू नये’ला माझा ठेवतो. न्याय दोन्हीकडे सारखा.” आणि खिशातून त्यांनी स्वतःचा फोटो काढला.

तिने गृहीत धरलं होतं की या माणसाचे सगळे फोटो ओळखपत्रावरचे असतील. हा निवृत्तीच्या दिवसाचा होता. नवी कवळी बसवून आठवडा झालेला, कुणीतरी काहीतरी विनोद केलेला, आणि पस्तीस वर्षांत न हसलेले निरीक्षककाका सगळ्या थकबाकीसह हसले होते. वरचे सोळा, खालचे सोळा, एकसारखे, पांढरेशुभ्र. सर्जन त्या फोटोशेजारी बोळक्या तोंडाचे वाटत होते.

काकांनी दोन्ही फोटो जमिनीवर ठेवले, मधलं अंतर वितीने मोजलं आणि मागे सरकले. भिंगरीने गिरकी घेतली. बसली. सर्जनकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. इतके दात तिने आयुष्यात पाहिले नव्हते. बोट वर आलं आणि सावकाश उजवीकडे निघालं.

भिंगरीच्या आईने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. “फोटो वाकडा झालाय वाटतं,” असं म्हणत ती पुढे झुकली आणि काकांच्या फोटोवर, बरोबर तोंडावर, तिने अंगठा ठेवला.

भिंगरीचं बोट हवेत थांबलं. डावीकडे वळलं. “दा!” ती सर्जनवर बोट टेकून म्हणाली.

चिटणिसांनी टाळी वाजवायला हात वर नेले.

“अंगठा काढा,” निरीक्षककाका म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. दुकानात शिरल्यावर ते असाच आवाज वापरत असणार. चिटणिसांचे हात हवेतच राहिले. तिने अंगठा उचलला. भिंगरीने एक क्षण पाहिलं आणि बोट सरळ नेऊन बत्तीस दातांवर ठेवलं. “दा! दा!”

मग सांगावंच लागलं. ब्रशपासून. दाढांपासून. पुरवणीतल्या वकिलापासून. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला, आणि एकेकाचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे पंप?” चिटणीस म्हणाले.

“ती बाई हसत होती ना, जाहिरातीतली.”

चिटणीस खाली बसले. त्यांची पत्नी भाचीला फोन लावत बाहेर गेली. गाण्याच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे मी त्या मुलीला नाही म्हटलं, ते ती फोटोत तोंड मिटून होती म्हणून? तोंड मिटून? गाणारीला?” सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “मग चषक नियमाने कुणाकडे यायला हवा?”

काका उठले. खुर्ची पुन्हा भिंतीला समांतर केली. “सूनबाई,” ते म्हणाले, “चुकीचे तराजू मी शेकड्यांनी पाहिले. गंजतात, झिजतात, त्यांना मी दुरुस्तीची मुदत देत होतो. पण पारड्याला बोट लावणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. एकालाही नाही.”

“काका, तुमच्या भल्यासाठीच—”

“सगळे तेच म्हणतात. गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच.” मग ते नवऱ्याकडे वळले. “तुम्हांला ठाऊक होतं?”

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. विमा कंपनीत त्याची बढती त्यामुळेच अडली आहे. “हो,” तो म्हणाला.

काकांनी वहीतलं पान काढलं, एकोणीस आणि एकोणीस, चार घड्या केल्या, खिशात टाकलं आणि गेले. घड्याळात साडेदहा.

अकरा वाजले. सव्वाअकरा. ती खिडकीतून हलली नाही. त्यांचा काटा निदान मधोमध तरी होता. आता तिने तो मोडूनच टाकला होता. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तळमजल्याचं दार वाजलं आणि काका बाहेर आले. हातात पिशवी, पिशवीतून टॉवेलचं टोक बाहेर. ते फाटकापाशी थांबले, वर पाहिलं, आणि रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मी कुणाच्या सांगण्यावरून जात नाहीये! नोंद करून ठेवा!”

नवरा धावत खाली गेला, पिशवी तरी उचलतो म्हणून. काकांनी ती दुसऱ्या हातात घेतली. तो वीस पावलं मागे ठेवून हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेला आणि बारा वाजायला पाच मिनिटं असताना ते चार नंबरच्या खिडकीशी उभे असल्याचं त्याने फोनवरून कळवलं.

ऑपरेशन गुरुवारी झालं आणि चांगलं झालं. अकरा खडे निघाले. हे त्या सिस्टरकडून कळलं. शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिला प्रश्न खड्यांच्या वजनाचा केला, “साधारण इतकं” असं उत्तर मिळालं, आणि त्या ‘साधारण’वरून त्यांनी सर्जनशी असा वाद घातला की दोन दिवसांनी त्यांना घरी सोडताना सगळ्या मजल्याला हायसं वाटलं.

नणंद सगळं ऐकायला मुद्दाम आली. “मी म्हटलं होतं,” असं ती म्हणाली नाही. नुसता चहा प्यायली, आणि कप ठेवताना म्हणाली, “भिंगरी आता नवीन काय करते?” भिंगरीच्या आईने सांगितलं की काही करत नाही, जेवते आणि झोपते. जिन्यातल्या चपला गेल्या. पंप आला, बसला, आणि बऱ्यापैकी चालतो. चिटणीस ते कबूल करत नाहीत.

पण काका दार उघडत नाहीत. तिने पहिल्या दिवशी भाज्यांचं सूप डब्यात घालून दाराशी ठेवलं. डबा झाकण न उघडता परत आला, वर चिठ्ठी: ‘वजन तपासलेले नाही.’ नवऱ्याला ते फितूर साक्षीदार मानतात. सासूबाई गेल्या तर आतून “बरा आहे” असा आवाज येतो. तो काय, कोणीही काढील. गाण्याच्या बाई आणि चिटणीस त्या सकाळी खोलीत हजर होते, म्हणून तेही बाद. फ्रिजवरच्या तक्त्यात आता भिंगरीच्या शेजारी एक नवा रकाना आहे. खिडकी उघडली: सात पाच. दिवा: हो. पेपर आत घेतला: काल साडेनऊ, आज बारा वाजून गेले तरी दारातच.

ही हकीकत इतरांना सांगायला भिंगरीच्या आईने परवानगी दिली ती एका अटीवर: शेवटी तिचं म्हणणं जसंच्या तसं द्यायचं. ते असं:

“तुमच्यापैकी कुणी आमच्या बाजूला येणार असाल तर पाच मिनिटं काढा. तळमजला, आत शिरल्यावर डाव्या हाताचं दार. बेल दाबू नका, ती बंद आहे आणि त्यांना ते माहीत आहे. कडी वाजवा आणि थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो. दार उघडलं की आधी डोळ्यांचा पांढरा भाग बघा, पिवळा नाही ना. हात हातात घेता आला तर ताप कळेल. टाक्यांपाशी लाली आहे का ते ते दाखवणार नाहीत, पण विचारा. जेवणानंतरची गोळी घेतात का, आणि मुळात जेवतात का. उभे राहून बोला, खुर्ची हलवू नका. कुणी पाठवलं विचारलं तर माझं नाव घेऊ नका. रस्ता चुकलात म्हणा. आणि मग वर येऊन मला सांगा. नुसतं ‘बरे आहेत’ नको. काय खाल्लं, किती पावलं चालले, तुमच्यावर ओरडले का, ते सगळं सांगा. ओरडले असतील तर आधी तेच सांगा.”